धैंच्याच्या शेतातली गोगलगाय

लग्नानंतर मी झाशीला आले त्याला आता सत्तावीस वर्षं होतील. नवरा इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर, मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवालीशी तिची बुंदेली, असं आमचं चालतं. मुलगी इथंच जन्मली, इथल्याच कॉलेजात गणित शिकते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. पुण्याला गेली की चुलत भावंडं तिच्या ‘माझी पुस्तक’ला हसतात, म्हणून तिकडे ती फारसं तोंडच उघडत नाही.

शाळेतले कॉम्प्युटर इतके जुने होते, की नवीन काही त्यांच्यावर चालेचना. शोधता शोधता मला लिहिण्याचा एक फुकटचा प्रोग्राम सापडला. तो कुठल्या कंपनीचा नव्हता. देशोदेशीचे हौशी लोक आपापल्या घरी बसून तो बनवत आणि हवा त्याला देत. कितीही जुन्या मशीनवर तो चालायचा, फक्त सुरू व्हायला वेळ घ्यायचा. म्हणून त्याच्या कर्त्यांनीच गमतीनं गोगलगाय हे त्याचं चिन्ह ठरवलं होतं: पाठीवर गोल गोल शंख, पुढे दोन शिंगं.

मला तो फार आवडला. मी तो बडा बाजारातल्या एका टायपिंगवाल्या भैयाच्या दुकानात घालून दिला. त्या दुकानात एक निवृत्त सुभेदार यायचे. मूळचे साताऱ्याकडचे, जवळच्या बबीना छावणीत पोस्टिंग झाली आणि मग इथंच राहिले. पलटणीतल्या आठवणी टाईप करून घ्यायला म्हणून ते आले आणि दोन बोटांनी स्वतःच टाईप करायला लागले. मी, माझी मुलगी, भैया आणि सुभेदार, असे आम्ही चौघं दर रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं उघडून बसायचो. आमचं काम एकच. प्रोग्रामला बुंदेली शब्द ओळखीचे करून द्यायचे. नाहीतर कुणी ‘मोड़ी’, म्हणजे मुलगी, असं लिहिलं, की तो खाली लाल रेघ ओढायचा. दोन वर्षांत आम्ही बरेच शब्द जमवले, पण सगळे भैयाच्या डोक्यातले. त्याचं डोकं संपत आलं होतं आणि वापरणारे तर आमच्याशिवाय कुणीच नव्हते.

त्या वर्षी पावसाळ्यात प्रोग्रामच्या कर्त्यांचं पत्र आलं. सगळ्या हौशी मंडळींनी आपापल्या गावात, लोकांचं लक्ष जाईल अशा ठिकाणी ही गोगलगाय काढावी आणि फोटो पाठवावा. कुणी केकवर काढली, कुणी बर्फात. सुभेदार म्हणाले, “आपण शटरवर रंगवू.”

माझी मुलगी मान वर न करता म्हणाली, “खेत में बनाते हैं. बाहर के देशों में बनाते हैं ना, खड़ी फसल दबाकर. ऊपर से दिखता है.”

“उभं पीक तुडवायचं?” सुभेदार उखडलेच. “अन्नावर पाय द्यायचा? मला नाही जमणार, वहिनी, सांगून ठेवतो.”

मलाही ते पटणारं नव्हतंच. विषय तिथंच संपला असता. पण भैया म्हणाला, “दीदी, जीजी के यहाँ ढैंचा खड़ा है.”

जीजी म्हणजे त्याची मोठी बहीण. चिरगावला दिलेली. नवरा गावात दुकान सांभाळतो, शेती ती बघते. धैंचा काय असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते हिरवळीचं खत. जूनच्या शेवटी पेरतात, कमरेच्या वर गेला की फळी फिरवून आडवा करतात आणि नांगरून मातीत गाडतात. कुणी खात नाही, विकत नाही. म्हणजे आम्ही जे करणार होतो ते जीजी पंधरा दिवसांनी करणारच होती, फक्त सरळ रेषेत.

भैयानं तिथल्या तिथं फोन लावला. जीजीनं सगळं ऐकून घेतलं आणि तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, “घोंघा? खेत में घोंघा काए बना रए? बेई तो भगाने परत हैं!” त्यांनाच तर शेतातून हाकलावं लागतं, असं तिचं म्हणणं.

तरी तिनं होकार दिला. अट घातली ती एवढीच, की जेवून जायचं.

पुढच्या रविवारी उजाडता उजाडता आम्ही चिरगावच्या बसमध्ये बसलो. मुलीनं रात्री जागून चौकटीचौकटींचा मोठा नकाशा छापून घेतला होता. प्रत्येक वळण किती पावलांवर, सगळं लिहिलेलं. शेतात गेल्यावर दहा मिनिटांत कळलं, की कमरेएवढ्या हिरव्या गर्दीत चौकटी दिसत नाहीत. पाय चिखलात जात होते, धैंच्याचे बारीक काटे हाताला ओरबाडत होते. तिनं आखलेला पहिला वळसा एका बाजूला फुगला, दुसऱ्या बाजूला आत गेला. ती नकाशा हातात धरून उभी राहिली. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

सुभेदार बांधावर बसून हे बघत होते. ते उठले, जीजीला विचारलं, “ड्रम है क्या, लोहे का?”

गोठ्यामागे दोन रिकामे ड्रम होते. त्यांनी एकात माती भरायला लावली आणि त्यावर दुसरा ठेवून, तारेनं आवळून, शेताच्या मधोमध उभा केला. विहिरीचा दोर पिकात अडकू नये म्हणून वरच्या ड्रमला गुंडाळला. दोराचं टोक मुलीच्या हातात दिलं. “आता हा ताणून धर आणि ड्रमभोवती चालत राहा. दोर सुटत जाईल तशी तू लांब जाशील.”

ती चालू लागली. दोन्ही हात डोक्यावर, दोर ताठ. तिच्या मागून मी आणि भैया फळी दाबत निघालो. फळीच्या दोन टोकांना दोरी बांधून झोपाळ्यासारखी धरायची, पुढे टाकायची, त्यावर पाय देऊन वजन टाकायचं. धैंचा कडकड करत आडवा व्हायचा. दुसरा वळसा पुरा होताना मुलगी एकदम ओरडली, “मम्मी! हर चक्कर में दूरी उतनी ही बढ़ रही है जितना ड्रम का घेरा है! हर बार बराबर!” चिखलात उभी राहून ती मला हे समजावून सांगत होती. तिच्या गालावर काट्याचा ओरखडा होता आणि चेहरा असा उजळला होता, की मी फळी खाली टाकून तिच्याकडे बघत राहिले. परीक्षेत इतके मार्क पडले, पण असा चेहरा मी पाहिला नव्हता.

पाच वळशांचा शंख झाला. मग पोट, मान, दोन शिंगं. शिंगं जीजीनं स्वतः काढली. तिचा पाय फळीवर आमच्यापेक्षा सराईत पडत होता. दुपारी भैयाच्या ओळखीतला लग्नाचे फोटो काढणारा एक जण आपला ड्रोन घेऊन आला. त्याच्या फोनच्या पडद्यावर आम्ही वरून पाहिलं. हिरव्यागार शेतात गोगलगाय ऐटीत चालली होती. सुभेदारांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आम्ही जीजीच्या ओसरीवर पोटभर जेवलो, फोटो पाठवून दिला आणि ‘हे कुणी बनवलं, कशासाठी’ असं सगळं लिहून आमच्या ओळखीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकला.

नागपंचमी चार दिवसांवर आली आहे हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मंगळवारी शाळेत मधल्या सुट्टीत एका शिक्षिकेनं मला फोन दाखवला. “देखिए जी, चिरगाँव में नागदेवता ने कुंडली मारी है.” फोटो आमचाच होता. कुणीतरी शिंगं, मान, पोट आणि मजकूर कापून टाकला होता. उरला होता नुसता शंख: हिरव्या शेतात वेटोळं घालून बसलेला नाग. माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

मी भैयाला फोन केला. त्याला जीजीचा सकाळीच आला होता. सोमवारपासून माणसं येत होती. दूध, फुलं, उदबत्त्या. जीजीनं सगळ्यांना सांगून पाहिलं, की हे माझ्या भावाच्या मंडळींनी केलंय. लोक म्हणाले, तू दुपारी झोपली असशील, तुला काय माहीत. शेजारच्या शेतात उडीद उभा होता. गर्दी त्यातून वाट काढत होती आणि शेजारी दोन दिवस जीजीशी बोलला नव्हता. आणखी एक गोष्ट होती. काही लोक सांगत होते, की आता या शेतात नांगर घालायचा नाही.

संध्याकाळी आमच्या घरी चौघं जमलो. भैयाचं म्हणणं, पंचमी होऊन जाऊ द्या, आपोआप विसरतील. मुलगी घाबरली होती. “मम्मी, लोग भड़क जाएँगे. हमने मजाक किया ऐसा समझेंगे.” सुभेदारांनी चहाला हातही लावला नव्हता.

मलाही भीती वाटत होती. या गावात इतकी वर्षं राहूनही आपण बाहेरच्या, हे मनात कुठेतरी असतंच. पण मी वर्गात मुलांना रोज सांगते, की फोटो पुढे पाठवण्याआधी तो कुठून आला ते विचारा. आता तो माझ्याकडूनच गेला होता. मी म्हटलं, “उद्या मी रजा टाकते. जाऊन सांगते.”

“एकटीनं नाही,” सुभेदार म्हणाले आणि मग त्यांनी चहाचा कप उचलला.

बुधवारी आम्ही पोचलो तेव्हा बांधावर तीसचाळीस माणसं होती. शंखाच्या मधोमध, जिथं आमचा ड्रम उभा होता, तिथं दुधाचे द्रोण मांडलेले. मी चपला काढल्या. का काढल्या ते सांगता येणार नाही, पण त्या काढल्याशिवाय मला बोलता आलं नसतं. जीजीच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीजवळ उभी राहून मी हिंदीत म्हटलं, की हे आम्ही काढलंय. ही गोगलगाय आहे. आमच्यामुळे गैरसमज झाला, मी हात जोडून माफी मागते.

मग मोटारसायकलवरून बायकोपोरांना घेऊन आलेला एक माणूस पुढे आला. “हम चालीस किलोमीटर से आए हैं. आप लोगों को यही मिला था मजाक के लिए?” मी पुन्हा हात जोडले. सुभेदार माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनीही जोडले.

गर्दीत एक म्हातारे होते, हातात काठी. जीजीच्या सासरच्या भावकीतले, गावात त्यांना मान होता. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “काए बिन्नू, जौ तुमने बनाओ?” इथं लेकीबाळींना बिन्नू म्हणतात.

“जी.”

“तो बनाकें दिखाओ.”

शेताच्या वरच्या कोपऱ्यात अजून धैंचा उभा होता. जीजी ड्रम आणायला गेली. माझी मुलगी तिच्यामागून गेली. आदल्या दिवशी घाबरलेली ती पोर, पण दोर हातात आल्यावर तिनं मागे पाहिलं नाही. डोक्यावर हात धरून चालायला लागली. मी आणि भैया फळी घेऊन मागे. पहिला वळसा सगळ्यांनी बांधावरूनच पाहिला. दुसऱ्याला दोन पोरी बांधावरून खाली उतरल्या. तिसऱ्याला एका बाईनं पदर खोचला आणि माझ्या हातातलं फळीचं एक टोक घेतलं, “दबत नइयाँ तुमसे ठीक से.” खरंच, माझ्याच्यानं नीट दबत नव्हतं. मग बायका आळीपाळीनं फळीवर यायला लागल्या. हसणं सुरू झालं. त्या मोटारसायकलवाल्याच्या बायकोनंही एक फेरी मारली. तो मात्र लांबच उभा होता.

छोटा शंख पुरा झाल्यावर म्हातारे काठी टेकत त्यातून मधोमध चालत गेले, तसेच परत आले. ते म्हणाले, “अच्छा काम है.” मग लोकांकडे वळून त्यांनी काठीनं बांधाकडे दाखवलं. तिथं कडुनिंबाखाली एक जुनं वारूळ होतं. जीजीच्या घरची नागपंचमी दरवर्षी तिथंच व्हायची. आपले नागदेवता तिथं आहेत, म्हणाले, ते कुठं गेलेले नाहीत, दूध तिकडे न्या. बायकांनी द्रोण उचलले. मोटारसायकलवाल्यानं सगळ्यांत शेवटी उचलला आणि माझ्यासमोरून जाताना जरा थांबून म्हणाला, “बता दिया, ठीक किया.” तेवढंच. मला त्या क्षणी फार रडू आलं, पण मी ते आवरलं.

पूजा करून बायका परत आल्या तेव्हा त्या फळीवाल्या बाईनं विचारलं, की पण ही गोगलगाय आहे कशाची? मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि ट्रॉलीवर ठेवला. प्रोग्राम सुरू व्हायला लागला तेवढा वेळ सगळ्या शांतपणे थांबल्या. मी म्हटलं, काहीतरी सांगा, मी लिहिते. ती म्हणाली, “लिखो, आज घाम नइयाँ.” आज ऊन नाही. मी लिहिलं. ‘घाम’ खाली काही आलं नाही, ‘नइयाँ’ही आमच्या यादीत होता. मग तिच्या सासूनं चुलीजवळच्या एका भांड्याचं नाव सांगितलं. खाली लाल रेघ आली.

“जा लाल काए?”

“मशीन को लगता है, शब्द गलत है.”

म्हातारीचा चेहरा उतरला. ती मागे सरकली. मी घाईघाईनं यादीत तो शब्द घातला. रेघ गेली. मी म्हटलं, “अम्मा, गलत नहीं था. इसको मालूम नहीं था. अब मालूम हो गया.”

ती पडद्याकडे बघत राहिली. “हमाई बोली गलत नइयाँ?”

“नहीं अम्मा.”

पुढचा तासभर मला मान वर करायला सवड मिळाली नाही. धान्य मोजायच्या मापांची नावं, गाईच्या रंगांची, नात्यांची, पोरांना रागवायच्या शब्दांची. ते तर कितीतरी. एकीनं सांगावं आणि दुसरीनं म्हणावं, आमच्या माहेरी असं नाही म्हणत. मुलगी वहीत दोन्ही लिहून घेत होती. सुभेदार आणि भैया तेवढ्यात शेजारच्याच्या बांधावर काटेरी फांद्या रोवत होते. शेजारी आधी नुसता बघत उभा राहिला, नंतर स्वतःच फांद्या तोडून द्यायला लागला.

पंचमी झाल्यावर जीजीनं शेत नांगरलं. कुणी अडवलं नाही. आमच्या फोटोला प्रोग्रामच्या कर्त्यांकडून भरभरून उत्तरं आली, पण खरं सांगायचं तर तोवर आमचं लक्ष तिकडे राहिलं नव्हतं. जीजीनं भैयाला निरोप पाठवला होता. बायका विचारतायत, ती लिहायची मशीन पुन्हा कधी येणार?

शाळेनं काढून टाकलेले दोन कॉम्प्युटर मुख्याध्यापिकांनी आम्हाला दिले. सुभेदारांनी ते झाडूनपुसून जीजीच्या ओसरीवर मांडले. आम्ही एक रविवार सोडून एक रविवार जायला लागलो. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या, दुसऱ्यांदा चार. मी मनातून खचले, पण त्या चौघी टिकल्या. त्यांत जीजीची धाकटी जाऊ होती, बारावी झालेली, लग्नानंतर पुस्तकाला हात न लावलेली. तिच्या बोटांना कीबोर्डाची सवय माझ्या शाळेतल्या मुलांपेक्षा लवकर झाली. डाळ निवडावी तसं ती पडदा निरखून चुका वेचायची. हिवाळ्यात प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. तिच्यात आमची शब्दांची यादी होती आणि यादी करणाऱ्यांत तिचंही नाव होतं. ते नाव तिनं नवऱ्याला दाखवलं, सासऱ्यांना दाखवलं. मग एकटीनंच बराच वेळ पाहिलं.

मुलीनं यंदा वेगळीच वही काढली आहे. माझ्या सासूबाई फोनवर जे मराठी शब्द वापरतात, ते ती लिहून घेते आणि मला विचारते, ‘पुस्तक’ ते, की ती? मी सांगते. ती चुकते, खोडते, पुन्हा लिहिते. परवा तिनं पुण्याच्या चुलत बहिणीला मराठीतून लांबलचक मेसेज पाठवला. त्यात दोन चुका होत्या. मी सांगितल्या नाहीत.

गेल्या रविवारी बस चिरगावच्या अलीकडे बंद पडली. दुसरी मिळेपर्यंत तास गेला. मी धावतपळत जीजीच्या घरी पोचले. वाटलं होतं, सगळ्या वाट बघून गेल्या असतील. ओसरीवर दोन्ही मशीन सुरू होती. धाकटी जाऊ उभी राहून शिकवत होती, समोर सहा बायका आणि मागे कुणाची तरी सासू. मला पाहून तिनं हातानंच बसायची खूण केली आणि वाक्य पुरं केलं. मी चपला काढून मागच्या रांगेत, त्या सासूच्या शेजारी जाऊन बसले.